सौरवाऱ्यातलं विसण : गरम हेलियम वाटेत कुठे निवतो?

प्रकरण असं आहे. विंड नावाचा नासाचा एक सॅटेलाइट आहे, १ नोव्हेंबर १९९४ ला उडालेला, आणि २००४ पासून तो पृथ्वीच्या १५ लाख किमी अलीकडे, सूर्याच्या बाजूला, एल-१ बिंदूपाशी राहून सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा चार्ज असलेल्या कणांचा झोत, मोजतोय. सौरवाऱ्यात मुख्यतः प्रोटॉन, त्यांच्यासोबत साधारण ४ टक्के अल्फा कण म्हणजे दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम, आणि हिशोब जुळवायला इलेक्ट्रॉन. विंडने लाखो वेळा प्रोटॉनचं तापमान आणि अल्फाचं तापमान वेगवेगळं मोजलंय. आता दोघं एकाच सूर्यातून निघाले, एकाच वाऱ्यातून सोबत आले, तर तापमान सारखं असायला हवं ना? तसं नाहीये. अल्फाच्या तापमानाला प्रोटॉनच्या तापमानाने भागलं आणि सगळ्या उत्तरांचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणतं उत्तर किती वेळा येतं त्याचा ग्राफ, काढला की दोन शिखरं दिसतात, एक १ च्या जवळ आणि दुसरं ४ ते ५ च्या आसपास, आणि मध्ये दरी.

दोन शिखरं दिसली की पहिला विचार हाच येतो की दोन प्रकारचे वारे असणार. तसे ते आहेतही, कोरोनल होलमधून (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातले विरळ, काळपट दिसणारे भाग) येणारा वेगवान वारा आणि सूर्याच्या स्ट्रीमर पट्ट्याकडचा (त्याच वातावरणातले दाट, लांबट झोत) संथ वारा. मग म्हणायचं की एका जागी सूर्य हेलियमला जास्त तापवतो, दुसऱ्या जागी नाही, आणि विषय संपला. मला स्वतःला बरेच दिवस हेच खरं वाटत होतं. पण बेनेट मारुका आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा पेपर वाचला आणि ते चित्र पार उलटलं, म्हणून मी ते गणित स्वतः करून बघायचं ठरवलं, छोट्या पायथन कोडमध्ये आणि काही ठिकाणी नुसत्या कागदावर. हे सगळं त्याबद्दल आहे.

आधी तापमान म्हणजे काय ते, कारण इथे थर्मामीटर बुडवायची सोय नाही. विंडवर त्यासाठी फॅराडे कप आहे, म्हणजे समोर जाळी असलेला एक धातूचा कप. जाळीवर व्होल्टेज लावायचं, ते वाढवत न्यायचं, आणि प्रत्येक पायरीला किती करंट येतो ते बघायचं. ४०० किमी प्रति सेकंद वेगाचा प्रोटॉन साधारण ८३५ व्होल्टला सापडतो. त्याच वेगाचा अल्फा वजनाला चौपट पण चार्जला दुप्पट, म्हणून तो दुप्पट व्होल्टेजला, १६७० च्या आसपास सापडतो. ग्राफवर दोन टेकड्या येतात, डावीकडे प्रोटॉनची मोठी आणि उजवीकडे अल्फाची छोटी. टेकडी जितकी रुंद तितका कणांच्या वेगात आपसात फरक जास्त, आणि त्या फरकालाच आपण तापमान म्हणतो. १ लाख केल्विनच्या प्रोटॉनमध्ये हा फरक सुमारे ४० किमी प्रति सेकंद असतो. अल्फाचा फरकही तेवढाच असेल तर वजन चौपट असल्यामुळे त्याचं तापमान चौपट निघतं. म्हणजे गुणोत्तर ४ याचा अर्थ दोघांच्या वेगांचा पसारा सारखा, आणि गुणोत्तर १ याचा अर्थ दोघांची ऊर्जा सारखी. हा फरक डोक्यात बसला की पुढचं सोपं जातं.

आता विसण. आंघोळीच्या बादलीत कढत पाण्यात आपण गार पाणी घालतो, ढवळतो आणि काही सेकंदांत सगळं एका तापमानाला येतं, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना सतत धडकत असतात. सौरवाऱ्यात धडकायला माणसंच नाहीत असं म्हणा. आपल्या खोलीतल्या हवेत एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात, आणि पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात तेवढ्याच जागेत ५ ते १० प्रोटॉन. एखाद्या कणाची दिशा टकरींमुळे ठळकपणे बदलायला तो सरासरी १५ कोटी किमीच्या घरात जावा लागतो, म्हणजे सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचं अख्खं अंतर. म्हणून पुष्कळ पुस्तकांत सौरवारा 'टक्करहीन प्लाझ्मा' असं लिहून मोकळे होतात. माझा आक्षेप इथेच आहे. सरासरी एक टक्कर आणि शून्य टक्कर यात खूप अंतर आहे, आणि हे पूर्ण प्रकरण त्या अंतरातच घडतं.

बरं, टक्कर म्हणजे कॅरमच्या सोंगट्यांसारखी खट्ट अशी टक्कर नव्हे. दोन्ही कण पॉझिटिव्ह चार्जचे, ते लांबूनच एकमेकांना ढकलतात, जराशी दिशा बदलते, मग तिसरा कण जरासा ढकलतो, अशा असंख्य बारीक धक्क्यांची बेरीज. ही बेरीज लायमन स्पिट्झर या शास्त्रज्ञाच्या सूत्रांत नीट मांडलेली आहे आणि तिच्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की घनता वाढली तर टकरी त्याच प्रमाणात वाढतात, पण तापमान वाढलं तर टकरी कमी होतात, तापमानाच्या दीड घाताने. तापमान चौपट झालं की टकरी आठपट कमी. कण वेगात असला की दुसऱ्याच्या शेजारून सूं करून निघून जातो, धक्का बसायला वेळच मिळत नाही. म्हणजे विरळ, गरम आणि वेगवान वारा, ज्याच्याकडे प्रवासाचा वेळही कमी, त्याला तिहेरी फटका बसतो.

मार्सिया न्यूगेबाउर यांनी हे १९७६ मध्येच नासाच्या ओगो-५ सॅटेलाइटच्या डेटावरून दाखवलं होतं. (या त्याच, ज्यांच्या टीमच्या उपकरणाने १९६२ मध्ये शुक्राकडे जाणाऱ्या मरिनर-२ वरून सौरवारा सतत वाहतो हे पहिल्यांदा पक्कं केलं.) त्यांनी प्रवासाच्या वेळेला टकरीच्या वेळेने भागलं आणि दाखवलं की हा आकडा जसा मोठा होतो तसा अल्फा आणि प्रोटॉनमधला तापमानाचा फरक मिटत जातो, आणि अल्फा प्रोटॉनच्या पुढे पळतात तो वेगाचा फरकही मिटतो. या आकड्याला टकरींचं वय म्हणतात. शब्द छान आहे, वारा किती दिवस जुना ते नाही तर किती टकरी खाऊन आलाय ते.

तर मी वाऱ्याच्या काही पुड्या घेतल्या. पुडी म्हणजे सोबत वाहणारा एक तुकडा, आकडे पृथ्वीजवळचे आणि नेहमी दिसणाऱ्या रेंजमधले, पण माझ्या निवडीचे.

पहिली पुडी वेगवान : ७०० किमी प्रति सेकंद, घन सेंटिमीटरला ३ प्रोटॉन, तापमान अडीच लाख केल्विन. सूत्रात घातलं (त्यात कूलॉम लॉगरिदम नावाचा, लांबच्या बारीक धक्क्यांचा हिशोब धरणारा एक आकडा असतो, तो सगळीकडे २२ धरलाय) तर अल्फा निवायला लागणारा वेळ निघतो १७६ दिवस. आणि प्रवास किती, जेमतेम अडीच दिवस. टकरींचं वय ०.०१४. म्हणजे हे अल्फा सूर्याजवळून जसे निघाले तसेच दारात आले, वाटेत त्यांना कोणी हातच लावला नाही.

दुसरी पुडी संथ : ३५० किमी प्रति सेकंद, १० प्रोटॉन, ४० हजार केल्विन. निवायचा वेळ ३.४ दिवस, प्रवास ५ दिवसांचा. वय साधारण १.५. इथे टकरी भरपूर.

मग मी दुसऱ्या पुडीला सूर्याजवळ, पृथ्वीच्या अंतराच्या दहाव्या हिश्श्यावर, सुरुवातीचं गुणोत्तर ५ दिलं आणि बघितलं की पृथ्वीपाशी किती उरतं. ५ का? वेगवान वाऱ्यात जिथे टकरी नगण्य आहेत तिथे साधारण तेवढंच दिसतं म्हणून, आणि नासाच्या एस (ACE) सॅटेलाइटवरच्या मोजमापांत ऑक्सिजन, लोखंड वगैरे जड आयनांचं तापमानही टकरी कमी असल्या की वजनाच्या पटीपेक्षा थोडं जास्त, साधारण १.३५ पट, सापडलंय म्हणून. चारला १.३५ ने गुणलं तर ५.४ येतं, त्यामुळे ५ हा अगदीच हवेतला आकडा नाही. उत्तर आलं २.७. मी हिरमुसलो, कारण अशा वाऱ्यात विंडला यापेक्षा पुष्कळ कमी, १ कडे झुकलेलं गुणोत्तर सापडतं. दोन दिवस मी सूत्रच चुकलंय असं समजून तपासत बसलो, एककं बघितली, इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि केल्विनची अदलाबदल झालीय का ते बघितलं, सगळं बरोबर होतं.

चूक दुसरीकडे होती आणि ती समजली तेव्हा मला या प्रकरणाचा गाभा कळला असं वाटतं. मी टकरींचा वेग पृथ्वीजवळचा घेतला आणि तोच पूर्ण वाटेला लावला. माणूस दारात आल्यावर त्याचा दम बघून तो अख्ख्या रस्त्यात किती पळाला ते ठरवल्यासारखं. वारा जसजसा पसरतो तशी घनता अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर ती शंभरपट होती, १० च्या जागी १०००. तापमानही तिथे जास्त होतं आणि त्याने टकरी कमी होतात, पण किती जास्त? इथे एक गंमतशीर योगायोग आहे. वारा बाहेरून काहीही उष्णता न घेता नुसता पसरत गेला असता तर तापमान अंतराच्या चार-तृतीयांश घाताने पडलं असतं, आणि त्याचा दीड घात केला की बरोबर वर्ग येतो. म्हणजे घनतेचा वर्ग आणि तापमानाचा वर्ग एकमेकांना पूर्ण कापतात आणि टकरींचा वेग वाटभर सारखाच राहतो! तसं असतं तर माझं पहिलं उत्तर जवळपास बरोबर ठरलं असतं. पण सौरवारा तसा निवत नाही. मोजमापं सांगतात की प्रोटॉनचं तापमान यापेक्षा बरंच हळू पडतं, मी अंतराचा पाऊण घात धरला. याचा अर्थ पृथ्वीपाशी ४० हजार असलेले प्रोटॉन दहाव्या हिश्श्यावर ८ लाख ६० हजार नव्हते तर सव्वादोन लाखांच्या आसपासच होते, आणि म्हणून तिथे टकरी माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होत होत्या.

वाटेवरची बेरीज नीट केली तर वय १.५ चं २.९ होतं आणि गुणोत्तर ५ वरून १.५ वर येतं. आणखी एक आकडा काढून बघितला तो मला फार आवडला, एकूण टकरींपैकी निम्म्या टकरी सूर्यापासून ०.३४ खगोलीय एककाच्या (सूर्य ते पृथ्वी अंतर म्हणजे १ एकक) आतच होऊन जातात, म्हणजे बुधाच्या सरासरी अंतराच्याही आत. आपण एल-१ ला बसून जे बघतो त्याचं अर्धं काम बुधाच्या कक्षेच्या आतच उरकलेलं असतं. सूर्याच्या अभ्यासाला पाठवलेली हेलिओस यानं १९७० च्या दशकात ०.२९ पर्यंत गेली होती, म्हणजे ती या अर्ध्या वाटेच्या थोडीच आत पोचली होती.

मग राहिलेल्या पुड्या. संथच पण जरा दाट आणि गार, १२ प्रोटॉन आणि ३० हजार केल्विन : वय ५.४, गुणोत्तर १.०४, म्हणजे पूर्ण विसण झालं. बघा, घनता १० ची १२ आणि तापमान ४० हजारांचं ३० हजार एवढाच बदल, आणि वय जवळजवळ दुप्पट. मधली एक, ४०० किमी, ८ प्रोटॉन, ६० हजार केल्विन : वय १.१, गुणोत्तर ३.१. आणखी एक ४५० किमी, ६ प्रोटॉन, १ लाख केल्विन : वय ०.३५, गुणोत्तर ४.३. आणि ती पहिली वेगवान, वाटेवरची बेरीज केल्यावर वय ०.०३, गुणोत्तर ४.९४.

आता हे पाच आकडे ओळीने बघा. वय ०.०३ पासून ५.४ पर्यंत जवळपास दोनशेपट पसरलंय, पण गुणोत्तराची खरी घसरण ०.३५ ते २.९ एवढ्याच टप्प्यात होते. त्याच्या खालच्या सगळ्या पुड्या ५ जवळ गर्दी करतात, वरच्या सगळ्या १ जवळ, आणि मधल्या टप्प्यात मोजक्याच सापडतात. दोन शिखरं आणि दरी! सुरुवात सगळ्यांची एकच होती, ५. मी दोन प्रकारचं तापवणं कुठेही घातलेलं नाही आणि तरी दोन शिखरं बाहेर आली. घाटात एकच मोर्चा निघतो आणि काही लोक पुढे निघून जातात, काही चहाच्या टपरीवर थांबतात, खाली बघणाऱ्याला मात्र दोन वेगळे मोर्चे वाटतात, तसं काहीसं.

मारुका आणि सहकाऱ्यांनी हेच उलट्या बाजूने केलं. विंडचा प्रत्येक मोजलेला आकडा घेतला, टकरींचं मॉडेल मागे चालवलं, आणि ०.१ खगोलीय एककावर गुणोत्तर किती असलं पाहिजे ते काढलं. तिथे दोन शिखरांचा मागमूसही उरला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की संथ आणि वेगवान दोन्ही वाऱ्यांत हेलियमला जास्त तापवणारी यंत्रणा सारखीच असू शकते, फरक नंतर वाटेत पडतो. माझ्या दृष्टीने हे फार मोठं काम आहे, कारण त्यात नवीन यान नाही, नवीन उपकरण नाही, वर्षानुवर्षं साठलेला डेटा आणि एक साधं डिफरन्शियल समीकरण.

पण मागे चालवण्यात एक धोका आहे आणि तो मला कोड चालवतानाच दिसला, तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. ती वय ५.४ ची दाट पुडी घ्या. मोजलं १.०४ आणि मागे गेलो तर ५ मिळतं. पण मोजताना १.१० आलं असतं तर? मागे जाऊन ६.८ येतं. आणि १.०१ आलं असतं तर २.७. चुकून ०.९८ आलं तर सुरुवातीलाच अल्फा प्रोटॉनपेक्षा गार होते असं मॉडेल सांगणार. म्हणजे मोजमापात थोडीशी चूक आणि उत्तर कुठच्या कुठे. ज्या पुडीचं पूर्ण विसण झालंय तिला 'तू आधी किती गरम होतीस' हे विचारण्यात अर्थ नाही, तिने ते विसरून टाकलंय. फॅराडे कपात अल्फाची छोटी टेकडी प्रोटॉनच्या टेकडीच्या उजव्या उतारावर बसलेली असते, तिची रुंदी काढताना थोडी चूक होणारच. म्हणून मागे जाणारं मॉडेल वापरायचं तर वय कमी किंवा मध्यम असलेल्या पुड्यांवर जास्त विश्वास ठेवायचा, आणि जास्त वयाच्या पुड्यांसाठी उलट दिशेने, पुढे चालवून जुळतंय का ते बघायचं. पुढे चालवताना हा त्रास होत नाही, सुरुवातीला ४ द्या नाहीतर ६ द्या, दाट पुडी शेवटी १ जवळच येते.

दुसरी कमतरता जास्त खोल आहे. हे मॉडेल धरून चालतं की वाटेत जी काही उष्णता मिळते ती दोघांना सारख्या प्रमाणात मिळते आणि गुणोत्तर बदलणाऱ्या फक्त टकरी. प्रत्यक्षात जस्टिन कॅस्पर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये विंडच्याच डेटातून दाखवलं होतं की आल्व्हेन-सायक्लोट्रॉन लहरी (प्लाझ्मातल्या चुंबकीय क्षेत्रात उठणाऱ्या लहरी) हेलियमला वाटेतही, जागच्या जागी तापवू शकतात. मग विसण घालता घालता खाली चूलही पेटलेली असेल तर? शिवाय मी अल्फा आणि प्रोटॉनच्या वेगातला फरक धरला नाही, तो असला की टकरी कमी होतात आणि घर्षणाने थोडी उष्णताही तयार होते. प्रोटॉन गरम होतात तेही धरलं पाहिजे, अल्फा ४ टक्केच असले तरी ते पाचपट गरम असतील तर पूर्ण मिसळल्यावर प्रोटॉन साधारण १५ टक्क्यांनी तापतात. हा भाग मी गुणोत्तराच्या समीकरणात घेतला आहे, पण प्रोटॉनचं तापमान वाटेत कसं पडतं त्याचा नियम बाहेरून दिलाय, त्यात तो सुटा दिसत नाही. आणि प्लाझ्मात चुंबकीय क्षेत्राच्या दिशेचं तापमान आणि आडव्या दिशेचं तापमान वेगळं असतं, ते मी सरळ एकच मानलंय.

चूल नेमकी कुठपर्यंत पेटलेली असते याचं उत्तर कॅस्पर यांच्या टीमने २०१७ मध्ये असंच वाटेवरच्या टकरी मोजून काढलं, सूर्याच्या २० ते ४० त्रिज्यांपर्यंत हेलियमला जास्त तापवणारा पट्टा असावा आणि त्यानंतर फक्त निवणं. सूर्याच्या अगदी जवळ जाणारा नासाचा पार्कर सोलर प्रोब तेव्हा अजून उडालाही नव्हता. तो १२ ऑगस्ट २०१८ ला निघाला, २८ एप्रिल २०२१ ला सूर्याच्या १८.८ त्रिज्यांवर आल्व्हेन पृष्ठभागाच्या, म्हणजे सौरवारा सूर्याच्या चुंबकीय पकडीतून सुटतो त्या सीमेच्या, आत शिरला, आणि २४ डिसेंबर २०२४ ला तर सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवरून गेला. माझं सुरुवातीचं अंतर ०.१ खगोलीय एकक म्हणजे साडेएकवीस त्रिज्या, म्हणजे मी जिथून मोजायला सुरुवात केली ती जागा नेमकी या पट्ट्याची बाहेरची कड जिथे असू शकते त्या टप्प्यात आहे. कागदावर धरलेल्या ५ या आकड्याच्या जागी आता यानाने प्रत्यक्ष जाऊन मोजलेला आकडा ठेवता येतो.

आपल्या आदित्य-एल१ चा विचार इथे आपोआप येतो. तो ६ जानेवारी २०२४ ला एल-१ ला पोचला आणि त्यावरच्या ॲस्पेक्स उपकरणातला स्विस हा भाग, अहमदाबादच्या पीआरएलने (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) बनवलेला, प्रोटॉन आणि अल्फा वेगवेगळे मोजतो. (पुण्याच्या आयुकाचा सूट टेलिस्कोप त्याच यानावर आहे, पण तो सूर्याचे अतिनील फोटो काढतो, हे काम त्याचं नाही.) दारात आलेल्या वाऱ्याचा दम मोजणारं आणखी एक घर झालं. माझ्या कोडमध्ये आता पुढची पुडी तयार ठेवली आहे, ४०० किमीवालीच, वय १.१, कारण दरीतल्या पुड्यांवरच मॉडेलची खरी परीक्षा होते. तिच्यात आधी वेगाचा फरक घालायचा, आणि मग चूल ३० त्रिज्यांपर्यंत पेटती ठेवून ३.१ चं किती होतं ते बघायचं.